अनोळखी हातांचे ऋण

१९३८ साली जपानच्या आक्रमणाने चीन होरपळत होता. जखमींना डॉक्टर पुरेनात. तेव्हा सुभाषचंद्र बोस यांनी भारतीयांस मदतीचे आवाहन केले. लोकांनी २२ हजार रुपये जमविले आणि ५ डॉक्टरांचे पथक निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांनी रणभूमीवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ वर्षांच्या वयात, तेथेच देह ठेवला. कृतज्ञ चीनने शिजियाझुआंग येथे त्यांचा पुतळा उभारला.

मुलांनो, ते पैसे देणाऱ्यांपैकी कितीकांनी चीन पाहिला असेल? बरा होऊन घरी परतणारा रुग्ण गावच्या रुग्णालयास चार पैसे देतो, आप्तांनाही द्यावयास सांगतो, तेव्हा तेही अशाच अनोळखी रुग्णाच्या उशाशी पोचतात.