शिलाँगची कॅसेट

१९९६चा हिवाळा, द्रास. बंकरमध्ये टेपरेकॉर्डर एकच. मी भीमसेनजींचे अभंग लावायचो. शिलाँगचा खासी लान्स नाईक पिंक फ्लॉइडचा ‘विश यू वेअर हिअर’. थंडीने सेल दमायचे, मग काखेत धरून गरम करायचो.

तो म्हणाला, “उस्ताद, हा १९७५चा अल्बम. बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेटच्या आठवणीचा. रेकॉर्डिंग चालू असताना तो स्टुडिओत आला, तर साथीदारांनी आधी ओळखलंच नाही.”

रजेवर जाताना त्याने कॅसेट माझ्याकडे ठेवली. तो परतायच्या आत माझी बदली झाली.

कॅसेट अजून साताऱ्यात, अभंगांशेजारी आहे. परत द्यायचीय. पण तो समोर आला, तर मी तरी ओळखेन का?