दाढ निघाली, पुढे?

कळव्याच्या आमच्या मोहल्ल्यात घोडा आता वरातीपुरताच उरला आहे. टांगे गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरियाही 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. तरी घोडा पाळणाऱ्या घरांची बोली आमच्या कानांत आहे. घोड्याच्या वैद्याला आमचे बुजुर्ग 'सलोत्री' म्हणत. अश्ववैद्यकाचे जुने आचार्य शालिहोत्र, त्यांच्या नावावरून हा शब्द उर्दूत आला. इल्मला मजहब नसतो, हे या एका शब्दावरून कळावे.

सलोत्री पुढचे दात पाहून वय सांगत. मागच्या दाढांपर्यंत मात्र फार थोड्यांचा हात पोहोचे. घोड्याला अशा 24 दाढा असतात. त्या माणसाच्या दाढेसारख्या उगवून थांबत नाहीत. जितक्या झिजतात तितक्या, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, बाहेर सरकत राहतात. वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांची मुळे तर गालाच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला भिडलेली असतात.

आमच्या शेजारच्या चाचांच्या घोडीची अशीच एक सडकी दाढ एका जाणकार म्हणवणाऱ्याने जोर लावून उपटली. घोडी चारा खाऊ लागली, चाचा निर्धास्त झाले. महिन्याभराने तिच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू गळू लागला. मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, ग्लँडर्स तर नव्हे? तो रोग माणसालाही होतो, आणि तो ठरला की कायद्याने जनावर मारावे लागते. वरातीची बोलावणी थांबली. आम्ही आमची मुले त्या गल्लीत पाठवीनासे झालो. चाची मात्र रात्री उठून घोडीजवळ बसत.

पशुवैद्यांनी रक्त तपासले. ग्लँडर्स नव्हता. एक्स-रेत दाढेच्या मुळाचा तुटलेला तुकडा दिसला. दाढेचा खळगा भरलाच नव्हता, त्या वाटेने चारा सायनसमध्ये शिरून कुजत होता.

शस्त्रक्रिया घोडी उभी असतानाच झाली. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, मग नस बधिर केली. गालाच्या हाडाला गोल छिद्र पाडून मुळाचा तुकडा आणि मेलेले हाड काढले, सायनस सलाईनने धुतला. चारा पुन्हा वर चढू नये म्हणून तोंडाच्या बाजूने खळग्यात बूच बसवले. पुढे कित्येक दिवस त्या छिद्रातून सायनस धुवायचा होता. ते काम चाचांनी स्वतःच्या हातांनी केले. पू आटला, वास गेला. समोरची खालची दाढ मात्र आता झिजणार नाही, वाढतच राहील. ती ठरावीक काळाने कानशीने घासून घ्यावी लागेल, घोडी जगेल तोवर.

परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणूस कळव्याहून लोकलने तिथे जातो, घोडी जात नाही. तिला टेम्पो लागतो, आणि त्या दिवशीची कमाईही बुडते. म्हणून गरीब घोडेवाला जवळच्या पकडीवर भरवसा ठेवतो. त्याला दोष देणे सोपे आहे. आमचे म्हणणे एवढेच, की दाढ काढली तर मूळ पूर्ण आले का ते पाहा, एक्स-रे काढा, खळगा भरेपर्यंत लक्ष ठेवा. आणि नाकातून पू आला तर अफवा उठवण्याआधी डॉक्टरला बोलवा. बेजुबान जनावराची बाजू मांडायला आपल्याशिवाय कोण आहे?