वंशावळीतला लेखक

तरुण पिढीला पात्रे ओळखता येतात, लेखक ओळखता येत नाहीत, ही तक्रार मराठीत आता चांगलीच रूढ झाली आहे. मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास ती नव्याने केली जाते. विद्यार्थ्यांपुढे छायाचित्रे धरली जातात. हॅरी पॉटर, डोरेमॉन, आयर्न मॅन, छोटा भीम यांची नावे क्षणार्धात येतात आणि हरिभाऊ आपटे, केतकर, श्री. म. माटे यांच्यापाशी वर्ग गप्प होतो. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. तो खोटा असतो असे नव्हे. परंतु ही चाचणी ज्या गृहीतकावर उभी आहे ते क्वचितच तपासले जाते. पात्र आणि लेखक या दोहोंची ओळख एकाच जातीची असते, असे ते गृहीतक आहे.

पात्राची ओळख दृश्य वा श्राव्य चिन्हात साठवता येते. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे हे याचे उत्तम मराठी उदाहरण. किरकोळ अंगकाठी, अफाट वेग आणि तोंडून निघणारा 'ट्टॉक' एवढ्या सामग्रीवर तो पुस्तकातून दूरदर्शनच्या मालिकेत गेला आणि २०१७ साली चित्रपटात आला. प्रत्येक वेळी शरीर बदलले, काळ बदलला, कथानकही बदलले. फेणे मात्र ओळखू येत राहिला. संहितेपासून सुटून येण्याची ही क्षमता हेच लोकप्रिय पात्राचे लक्षण म्हणता येईल. आता याच चित्रपटातली एक गंमत पाहण्यासारखी आहे. त्यात खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र म्हणून अवतरतात, आणि त्यांची भूमिका करतात दिलीप प्रभावळकर. म्हणजे ज्या नटाने पूर्वी चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला दूरदर्शनवर चेहरा दिला तोच. पात्राला चेहरा देणारा नट लेखकालाही चेहरा देतो, आणि प्रेक्षक तो लेखक 'ओळखतो'. परंतु ही ओळख लेखकाची नव्हे. लेखक पात्र झाला, म्हणून ती शक्य झाली.

लेखकाची ओळख त्याच्या वाक्यात असते, हे मराठी परंपरेला कधी काळी चांगले ठाऊक होते. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी नाममुद्रा ही त्याची खूण. तुका, नामा, जनी ही नावे ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत ती रचनेच्या आतून. चेहऱ्याची गरज नव्हती. १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीसांनी तुकोबांना जो चेहरा दिला तो लोकांच्या मनात घट्ट बसला खरा. पण तोवर तुकोबांची ओळख चेहऱ्यावाचून तीन शतके टिकली होती. छापखाना आला, ग्रंथकाराचे नाव मजकुरातून उठून मुखपृष्ठावर गेले, तरीही जुनी सवय पुरती मोडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी लेखकाला त्याच्या नियतकालिकाच्या नावाने हाक मारण्याची जी रीत पडली, ती या नाममुद्रेचीच मुद्रणयुगातली संतती होय. निबंधमालाकार चिपळूणकर, सुधारककर्ते आगरकर, काळकर्ते परांजपे, दीनमित्रकार मुकुंदराव पाटील: येथे कृती आधी येते, कर्ता मागाहून. नाव उच्चारणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असे, की या गृहस्थाने काहीतरी लिहिले आहे.

या रीतीचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी पनवेलइतके बोलके गाव दुसरे नाही. केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेलला झाला. १९२१ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'प्रबोधन' हे नियतकालिक सुरू केले आणि ते प्रबोधनकार झाले. घराण्याचे आडनाव धोडपकर, वडिलांचे पनवेलकर, आणि मुलाला शाळेत घालताना लावलेले ठाकरे, असा त्यांच्या आडनावाचा प्रवास चरित्रपर लेखनात सांगितला जातो. त्यातले मधले आडनाव टिकले असते तर गावाचे नावच लेखकाचे नाव झाले असते. आणखी एक कथा सांगितली जाते ती अशी, की 'व्हॅनिटी फेअर'चा कर्ता विल्यम मेकपीस थॅकरे याच्याविषयीच्या आदरापोटी त्यांनी आपल्या आडनावाचे इंग्रजी लेखन त्याच्यासारखे केले. कथा खरी असेल तर महाराष्ट्रातल्या भिंतीभिंतींवर दिसणाऱ्या या रोमन अक्षरांत दोन लेखक दडलेले आहेत, एक कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज आणि एक पनवेलचा मराठी. त्यांपैकी एकही लेखक म्हणून ओळखला जात नाही.

पनवेलच्या तरुणाला प्रबोधनकार माहीत नाहीत, असे म्हणता येणार नाही. विचारले तर उत्तर बहुधा तत्काळ येते: बाळासाहेबांचे वडील. पुढे नातवंडांची नावेही येतात. २०२१ साली नव्या विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव द्यावे की दि. बा. पाटील यांचे, यावरून याच परिसरात मोठे आंदोलन झाले. दि. बां.च्या नावामागे भूमिपुत्रांच्या जमिनींचा लढा उभा होता आणि त्या भावनेची तीव्रता समजण्यासारखी आहे. परंतु वाद दोन लोकनेत्यांच्या नावांचा होता. पनवेलात जन्मलेला ठाकरे लेखक होता, ही बाब त्या वादाच्या कक्षेतच येत नव्हती.

मिशेल फूको यांनी १९६९ सालच्या 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात लेखकनामाचे जे कार्य सांगितले, ते येथे नेमके उलटे झालेले दिसते. लेखकाचे नाव हे साधे विशेषनाम नसते. ते काही संहितांना एकत्र बांधते, त्यांचे परस्परनाते सुचवते, त्यांना इतर संहितांपासून वेगळे काढते. प्रबोधनकार हे नाव आजही बांधण्याचे काम करते. मात्र ते ग्रंथ बांधत नाही, वंशावळ बांधते. मराठी विभागांच्या चर्चासत्रांत रोलाँ बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' पुष्कळ काळ गाजत राहिला. लेखक मरेल तेव्हा वाचक जन्मेल, ही त्यातली आशा होती. येथे नाव धडधाकट जिवंत आहे आणि संहिता मेली आहे. या स्थितीसाठी बार्थकडे शब्द नाही. तिचा शोध आपल्याच वाङ्मयव्यवहारात घ्यायला हवा.

तो घेताना सगळा ठपका राजकारणावर ठेवणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. राजकारणाने लेखकाला पितृपात्र केले, हे खरे. त्याला लेखक म्हणून धरून ठेवण्याचे काम मात्र समीक्षेचे होते. मराठी समीक्षेने कविता, कादंबरी आणि नाटक यांना 'ललित' म्हणून आत घेतले आणि वादग्रंथ, पुस्तिका, नियतकालिकातील हल्ले यांना 'वैचारिक गद्य' या ओसरीवर बसवले. ओसरीवरच्या माणसाच्या विचारांचा सारांश काढतात, त्याचे वाक्य कोणी तपासत नाही. प्रबोधनकारांविषयीचे बहुतेक लेखन अशा सारांशांचे आहे: ते ब्राह्मणेतर चळवळीत होते, हुंड्याविरुद्ध होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. हे सारे खरे. परंतु या यादीवरून त्यांचे एक वाक्यही ओळखता येणार नाही.

ते वाक्य आहे कसे? 'वक्तृत्वशास्त्र' लिहिणाऱ्या माणसाचे ते वाक्य आहे. समोर श्रोते बसले आहेत असे धरून चालणारे. त्यात संस्कृत सामासिक शब्दाला खेटून बाजारातला शब्द येतो, आणि दोघांच्या टकरीतून उपहास उडतो. इतिहासाचार्य राजवाडे यांना दिलेल्या उत्तराला 'कोदण्डाचा टणत्कार' असे नाव देणारा लेखक शीर्षकातच धनुष्याचा आवाज काढून दाखवतो. 'देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे' या शीर्षकात तर सगळा युक्तिवाद दोन शब्दांच्या उलटापालटीत आला आहे. विभक्तिप्रत्यय फिरवला की संस्था उघडी पडते. 'खरा ब्राह्मण' हे एकनाथांवरचे नाटक. त्याचा बॉम्ब 'खरा' या साध्या विशेषणात ठेवलेला आहे. या गद्याला दोष नाहीत असे मुळीच नाही. प्रतिपक्ष रंगवताना कुंचला जाड होतो, एकच घाव चार वेळा घातला जातो, आणि सलग शंभर पाने वाचणाऱ्याला थकवा येतो. पण हे दोषदेखील ओळखीचे आहेत. सारांशात तेही नाहीसे होतात. देवळांविषयीचा तो निबंध आज त्यांचे नाव मिरवणाऱ्यांना जितका अडचणीचा वाटेल, तितकाच ते नाव राजकीय कारणासाठी टाळणाऱ्यांनाही गैरसोयीचा आहे. न वाचण्यात दोघांचेही हित आहे.

अध्यापनाने यात भर घातली ती वेगळ्या प्रकारे. नेट-सेटच्या तयारीत बुडालेला पदव्युत्तर विद्यार्थी लेखक आणि ग्रंथ यांच्या जोड्या अचूक लावतो. टोपणनावे, जन्मगावे, पहिल्या आवृत्त्यांची वर्षे त्याला पाठ असतात. डोरेमॉनच्या पोटावरचा खिसा ओळखणे आणि 'प्रबोधनकार : पनवेल : १८८५' ही जोडी लावणे, यांत ज्ञानाच्या दृष्टीने फरक कोणता? दोन्ही ठिकाणी चिन्हावरून नावाकडे जायचे असते. किंबहुना डोरेमॉन ओळखणाऱ्या मुलाने त्याचे शेकडो भाग पाहिलेले असतात. त्याची ओळख जोडी लावणाऱ्याच्या ओळखीपेक्षा अधिक सकस ठरते. तेव्हा पात्रे ओळखणाऱ्यांना बोल लावण्यापूर्वी, लेखक 'ओळखणारे' नेमके काय ओळखतात, हे विचारलेले बरे.

पनवेल परिसरातल्या एका वर्गात घडलेली साधी गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. शिक्षकाने 'माझी जीवनगाथा'मधला पनवेलच्या बालपणाचा, आजीविषयीचा भाग लेखकाचे नाव न सांगता वाचून दाखवला. वर्ग बहुतांशी आसपासच्या गावांतला. लोकलने आणि एसटीने येणारा. सुरुवातीला कुजबुज होती. आजीचा उल्लेख 'बय' असा आला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, आमच्याकडे पण बयच बोलतात." चारदोन जण हसले, दुसऱ्या एकाने आपल्या गावी कोणाला बय म्हणतात ते सांगितले, आणि वाचन थांबवून काही वेळ त्या शब्दावरच बोलणे झाले. मग तिने विचारले, "हे लिहिणारे आपल्या इकडचे आहेत का?" नाव सांगितल्यावर वर्गाने एकमेकांकडे पाहिले. नाव सर्वांना ठाऊक होते. पण तोवर ओळख पटलेली होती, आणि ती नावाने पटलेली नव्हती. विटाळाचे थोतांड न मानणारी ती आजी आणि पुढे देवळांवर तुटून पडणारा तिचा नातू यांच्यातला दुवा मुलांनी पुढच्या दहा मिनिटांत स्वतःच जोडला. त्यासाठी सत्यशोधक चळवळीवरचे टिपण वाटावे लागले नाही.

या प्रसंगाला प्रयोगाचे महत्त्व देण्याचे कारण नाही. वर्ग एक होता, आणि शब्द योगायोगाने जवळचा निघाला. विदर्भातल्या वर्गात 'बय' अडखळवणाराच ठरला असता. शिवाय आत्मचरित्रातले बालपण हे कोणत्याही लेखकाचे सर्वांत सोपे प्रवेशद्वार असते. 'ग्रामण्याचा साद्यंत इतिहास' वाचून दाखवला असता तर मुलगी इतक्या सहज बोलती ना. तरीही एवढे दिसते, की लेखकाचे छायाचित्र दाखवून जे विचारले जाते आणि त्याचा उतारा वाचून जे विचारता येते, ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा प्रश्न आपण फारसा विचारलेलाच नाही.

प्रबोधनकारांच्या समग्र वाङ्मयाचे खंड महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले आहेत. ग्रंथ दुर्मिळ आहेत ही सबब आता चालत नाही. त्या मुलीने पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात 'जीवनगाथा' मागितली. मराठी साहित्याच्या कपाटात ती नव्हती. थोड्या शोधाशोधीनंतर राजकीय पुढाऱ्यांच्या चरित्रांच्या रांगेत, मुलाच्या चरित्राला लागून, सापडली.