आणायला जाणारे

चिनी पंचांगातला नववा महिना लागायच्या सुमारास सिंगापुरातल्या ताओ देवळांतून पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाण्याकडे निघतात. ‘कियू ओंग या’, म्हणजे नऊ सम्राटदेव, पाण्यावाटे येतात. त्यांना सामोरं जाऊन आणायचं, नऊ दिवस शाकाहार पाळून त्यांची सेवा करायची आणि नवव्या रात्री पुन्हा पाण्यापर्यंत पोचवायचं. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्याच या तारका. सात दिसणाऱ्या आणि दोन न दिसणाऱ्या, म्हणून नऊ. तौ मू ही त्यांची आई.

देव नेमाने येतात. सरत चाललंय ते त्यांना आणायला जाणाऱ्यांपाशी होतं ते. त्याच्या या नोंदी.

१. किनारा

१९६६ साली पूर्व किनाऱ्यावर भराव घालायला सुरुवात झाली आणि समुद्र मागे सरकला. जिथे घरांच्या मागच्या दारी भरतीचं पाणी लागायचं, तिथून लाटांपर्यंत आता इमारती, हमरस्ता आणि बाग आहे. देवाला आणायला गेलेली माणसं ज्या वाळूत उदबत्त्या रोवतात, ती वाळूही आणून टाकलेली. त्यावर गुडघे टेकून सगळे मान खाली घालतात. धूपपात्र पिवळ्या कापडाच्या आडून पालखीत जातं. ते बघायचं नसतं.

२. तेलाचे दिवे

देवळासमोर उंच बांबू उभा राहतो आणि त्यावर नऊ दिवे चढतात. देवाने वाट ओळखावी म्हणून. तेलाचा दिवा माणसाला गुंतवून ठेवतो. खाली घ्या, वात सारखी करा, तेल घाला, घंटेच्या नादात पुन्हा वर चढवा. नऊ दिवस कुणीतरी बांबूच्या बुडाशी असावं लागतं. विजेच्या दिव्याजवळ कुणी बसत नाही.

३. खांदे

पालखी सरळ चालत नाही. देव आला की ती डुलते, मागे सरते, मग एकाएकी पुढे धावते. खांदेकऱ्यांना एकमेकांचा श्वास कळावा लागतो. गावातून पाण्यापर्यंत चालत जाणं होतं, तेव्हा तो वाटेत कळायचा. आता लांबचा पल्ला लॉरीवर आणि बसने होतो. पालखी खांद्यावर येते ती किनाऱ्यापाशी आणि देवळाच्या दारात. नवस बोलून खांदा द्यायला तरुण पोरं आजही येतात, मनापासून येतात. पण तेवढ्या चार पावलांत ताल अंगात मुरायचा कधी?

४. फटाक्यांचा सडा

१९७० च्या चिनी नववर्षात फटाक्यांनी माणसं दगावली. १९७२ मध्ये कायद्याने पूर्ण बंदी आली. योग्यच झालं. तरी नोंद करायला हवी. पालखी कोपऱ्यावर आली हे गल्लीच्या टोकाला पडून असलेल्या आजारी माणसाला त्या आवाजाने कळायचं. दुसऱ्या दिवशी दारात पडलेल्या लाल कागदांवरून मुलांना कळायचं, देव इथून गेला.

५. देवाची भाषा

या देवांशी बोलणं होक्कियन भाषेत. ज्याच्या अंगात देव येतो तो तांग-की. तो बोलतो ती होक्कियन जुन्या वळणाची, म्हणून शेजारी अर्थ सांगणारा उभा असतो. १९७९ साली सरकारने मँडरिन बोलण्याची मोहीम सुरू केली. पुढे होक्कियनसारख्या बोली दूरदर्शन आणि रेडिओवरून हटल्या, मग शाळकरी मुलांच्या तोंडून गेल्या. घरात मुख्यतः अशी एखादी चिनी बोली बोलणारे २०१० च्या जनगणनेत १४.३ टक्के होते, २०२० मध्ये ८.७ टक्के. आता आजीने देवाला विचारायचं, देवाने उत्तर द्यायचं, अर्थ सांगणाऱ्याने ते सोपं करायचं आणि नातवाला ते आणखी एकदा मँडरिनमध्ये किंवा इंग्रजीत सांगायचं. देव आणि नातू यांच्यामध्ये दोन माणसं उभी आहेत. दोघंही म्हातारी.

६. देवासमोरचं नाटक

अप्पर सेरांगून रोडवरचं तौ मू कुंग देऊळ १९२१ चं. २००५ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. त्याच्यासमोर पक्क्या बांधणीचा रंगमंच आहे. असे कायमचे रंगमंच या शहरात फार थोडे उरलेत. इथल्या चिनी संगीतनाटकाला लोक ‘वायांग’ म्हणतात, तो शब्द मलय भाषेचा. मंचाचं तोंड देवाकडे असतं, कारण नाटक त्याच्यासाठी आहे. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी नटी पूर्ण रंग लावते, डोक्यावर मोत्यांचा जड साज चढवते आणि पहिला नमस्कार समोरच्या देवळाला करते. मग गाते. एकही ओळ गाळत नाही.

७. लाखेचा धागा

‘से तियान हंग’ हे देवमूर्ती घडवणारं दुकान १८९६ पासूनचं. हाताने ताओ मूर्ती कोरणारं शहरातलं शेवटचं दुकान म्हणून लोक त्याला ओळखतात. लाकूड कोरून झालं की लाखेची लगदी तळहाताखाली लाटायची. दोऱ्याएवढी बारीक झाली की ती मऊ आहे तोवरच मूर्तीच्या चिलखतावर बसवायची: एक वेल, एक लाट, नागाचा एक खवला. मूर्तीच्या पाठीत एक लहान पोकळी राखतात. तिच्यात पवित्र वस्तू ठेवून ती बंद करायची, आणि विधीत डोळे उघडायचे की मूर्तीचा देव होतो. बाहेरून तयार आलेली मूर्ती स्वस्त पडते. पण धागा लाटायला किती दाब द्यायचा हे तळहाताकडून तळहाताकडेच जातं.

८. गाव

प्रत्येक देऊळ एका गावाचं, कांपोंगचं होतं. १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं. पुढच्या दशकांत गावं उठली आणि माणसं उंच इमारतींत वेगवेगळ्या मजल्यांवर गेली. देवळांना मिळालेल्या नव्या जागा तीस वर्षांच्या कराराच्या. त्या परवडेनात, म्हणून चार गावांचे देव एका छपराखाली आले. त्यांना ‘संयुक्त देवळं’ म्हणतात. आजही पालखी शेजारच्या देवांना भेटायला जाते. ज्यांच्या शिवा लागून होत्या, ते देव आता शहराच्या दोन टोकांना राहतात. जुन्या गावाचं नाव कुठे शिल्लक असेल तर ते पालखीपुढच्या पताकेवर, रेशमाने भरलेलं.

९. कौल

कोकणात देवाला कौल लावतात. इथे ‘पोए’ टाकतात. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही फुगीर वर पडले तर नाही. दोन्ही सपाट वर पडले तर देव हसला. एक सपाट, एक फुगीर पडला तर हो. ज्याला ओळीने सर्वाधिक होकार मिळतील तो पुढच्या वर्षीचा ‘लो चू’, धूपपात्राचा मानकरी. पिढ्यान्‌पिढ्या धरल्याने लाकडाच्या कडा गुळगुळीत होतात, वरचा लाल रंग अंगठ्याच्या जागी उडतो.

एकेक नाव होक्कियनमध्ये वाचलं जातं, प्रत्येक नावाला तुकडे खाली पडतात. लाकडाचा फरशीवर आवाज होतो आणि सगळे वाकून बघतात. देवाला विचारायचं एवढंच असतं: पुढच्या वर्षी तुला आणायला कोण येणार?