वाकळेचे थर

आईची वाकळ उसवली म्हणून दुरुस्तीला काढली. वरचं लुगडं विरलेलं. त्याखाली वडिलांचं धोतर, त्याखाली माझ्या शाळेच्या सदऱ्याचा तुकडा. घराची कितीतरी वर्षं धावदोऱ्यानं एकत्र बसलेली. सुई हातात तशीच राहिली. नवा थर घालायला सुती कापड शोधलं, तर कपाटात बहुतेक पॉलिस्टरच.

मोडनिंबच्या आमच्या घरात टाकून देण्याची वेळ सगळ्यात शेवटी यायची. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडं द्यायची. शेण, राख, भाजीची देठं उकिरड्यावर जायची आणि पावसाळ्याआधी खत होऊन रानात पडायची. आता त्याच उकिरड्यात प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात. त्या कुजत नाहीत. जनावरांच्या पोटात जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. आईचा हात ते आपसूक करायचा. पण तिच्या काळी वेगळं करण्यासारखं होतंच किती?

इथून पंढरपूर जवळ. तिथं गाडगेबाबा खराटा घेऊन झाडायचे, अंगावर ठिगळांची गोधडी. त्यांच्या नावानं राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. बाबांचा खराटा सगळ्यांना आठवतो. मला मात्र हल्ली ती गोधडीच जास्त आठवते. झाडण्याआधी जपणं येतं, असं वाटत राहतं.

घरात वेगळा केलेला कचरा पुढंही वेगळाच राहतो का, हे येत्या ग्रामसभेत विचारायचं आहे.