निळ्यावरची जप्ती
मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसविल्यावर पट्टी सुटली, तेव्हा प्रथम जाणवला तो निळा रंग. पिवळटलेल्या नैसर्गिक भिंगाने त्यावर केवढी जप्ती आणली होती, याची इतकी वर्षे मला वार्ताही नव्हती. असे भिंग १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी प्रथम बसविले; युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या छताचे अ‍ॅक्रिलिकचे कण डोळा निमूटपणे सोसतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. संहाराचे असेही उपकार! परंतु भिंग नवे झाले तरी त्यामागचे दृष्टिपटल जुनेच, आणि गुडघ्यांविषयी तर बोलूच नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वार्धक्यालाच तहकुबी देईल, अशी आशा काही संशोधक बाळगून आहेत खरे, पण ती अद्याप आशाच. हल्ली मी पत्नीचा चेहरा निरखीत बसतो. ती म्हणते, "आधीचेच डोळे बरे होते तुमचे."