पलटणींची घरे आणि नावे नसलेली माणसे

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्चेस्टर नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथे जुन्या लष्करी बराकींचे किल्लेवजा प्रवेशद्वार अद्याप उभे असून त्या प्रवेशद्वारातच डॉर्सेट परगण्याच्या पलटणीचे संग्रहालय थाटलेले आहे. 1881 सालच्या लष्करी सुधारणांनी ब्रिटनमधील बहुतेक पायदळ पलटणी एकेका परगण्याशी बांधल्या गेल्या. प्रत्येकीचे एक ठाणे, एक निशाण, एक बँड, चांदीच्या भांड्यांनी सजलेले एक भोजनगृह, आणि कालांतराने एक संग्रहालय. पुढे साम्राज्य आटले, तशा पलटणीही आटल्या. डॉर्सेट पलटण 1958 साली शेजारच्या डेव्हनशायर पलटणीत मिसळली आणि 2007 साली ती जोडपलटणही 'रायफल्स' नावाच्या मोठ्या दलात विरून गेली. आज डॉर्सेट पलटण अस्तित्वात नाही. तिचे घर मात्र आहे. ब्रिटनभर अशी घरे विखुरलेली आहेत. माणसे गेली आणि घर राहिले, हे दृश्य आपल्या वसईत आणि गोव्यातही काही अनोळखी नाही.

या डॉर्सेट पलटणीचे ब्रीद लॅटिन आहे: 'प्रायमस इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानात पहिली. ब्रिटिश राजाच्या सैन्यातील हिंदुस्थानात उतरलेली ती पहिली पलटण. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तिच्या खांद्याला खांदा लावून ज्या पलटणी लढल्या त्यांत 117 वी मराठा पलटण होती. दोघी एकाच ब्रिगेडमध्ये होत्या. म्हणजे एकाच इतिहासाची दोन घरे झाली: एक डॉर्चेस्टरला आणि दुसरे आपल्या बेळगावला. डॉर्चेस्टर मी पाहिलेले नाही. बेळगाव पाहिले आहे.

बेळगावच्या कॅम्प भागात एकीकडे संत अंतोनींचे चर्च व येशूसंघीयांची संत पॉल शाळा, आणि दुसरीकडे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण 1768 सालची. मुंबईच्या कंपनी सरकारने उभी केलेली ही पलटण 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाते. दुसरी 'काळी पाचवी'. अशा निरनिराळ्या क्रमांकांच्या सहा मराठा पलटणी 1922 च्या पुनर्रचनेत एका रेजिमेंटच्या छत्राखाली आल्या. डॉर्चेस्टरपेक्षा येथील गोष्ट वेगळी आहे, कारण हे घर जिवंत माणसांचे आहे. बाहेरच्या मैदानावर रंगरूट कवायत करीत असतात आणि आत त्यांच्या पणजोबांचे गणवेश, शस्त्रे, पदके व छायाचित्रे मांडलेली असतात. जागा लष्करी हद्दीतली असल्यामुळे परवानगी काढून आत जावे लागते. धर्मगुरूच्या पांढऱ्या झग्यात मी तेथे उभा राहिलो तेव्हा मन काहीसे अवघडले होते, हे सांगितले पाहिजे. माणसाला मारण्याची साधने इतक्या निगुतीने पुसून, तेल लावून काचेआड ठेवलेली पाहताना कोणाही ख्रिस्तसेवकाला अवघडल्यासारखे व्हावे, असेच मी मानतो.

पण तेथे शस्त्रांपेक्षा मला नावांनी अधिक वेळ थांबवले. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दोघांनाही तो इटलीच्या भूमीवर मिळाला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव हे त्यांपैकी एक. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी कंपनीचे निरोपे म्हणून ते गेले होते. आजूबाजूचे साथीदार पडल्यावर त्यांनी दोन जखमींना, एकामागून एक, पाण्यातून, उभ्या चढाच्या काठावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर वाहून सुरक्षित जागी पोहोचवले, आणि मग परत फिरून शत्रूच्या तीन मशीनगन निकामी केल्या. क्रम लक्षात घ्यावा. आधी जखमी, मग बंदूक. ते जिवंत परतले आणि 1984 सालापर्यंत जगले.

दुसरे नाईक यशवंत घाडगे. हे आपल्याच रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतील इतर सर्वजण ठार वा जखमी झाले. बावीस वर्षांचा हा नाईक एकटाच धावत गेला. त्याने बॉम्ब टाकून तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली. नवी गोळ्यांची पेटी बसवण्यास अवधी नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केले. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो तेथेच कोसळला. त्याचे शव कोणत्याही ओळखीच्या कबरीत नाही. मोंते कासिनोजवळच्या स्मारकावर नाव आहे. त्याचा मान त्याच्या विधवेला स्वीकारावा लागला.

हे प्रशस्तिपत्र वाचताना मी थबकतो. नळीकडून बंदूक धरून मारलेली ती दोन माणसेही कोणाची तरी मुले होती, बहुधा बाप्तिस्मा झालेली होती. त्या डोंगरगावातील बाया जपमाळेच्या मण्यांवर युद्ध संपण्याची वाट पाहत असतील, आणि त्यांच्यासाठी मरायला आला कोण, तर सह्याद्रीच्या पायथ्याचा एक शेतकऱ्याचा पोर, ज्याने रोम म्हणजे काय ते बराकीत येईपर्यंत ऐकलेही नसेल. साम्राज्याची चाकरी, पगाराची ओढ, पलटणीची इभ्रत, साथीदारांचा संताप, यांतले काय किती होते हे परमेश्वर जाणे. 2023 साली त्या प्रदेशातील मोंतोने गावच्या लोकांनी घाडगे यांचे स्मारक उभारले. ते आहे एक सूर्यघड्याळ, आणि त्यामागील लॅटिन ब्रीदाचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. सेमिनरीत घोकलेले लॅटिन कधी कोठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. माणगावलाही तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे. डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला गोव्याकडे निघालेल्या बसगाड्या माणगावावरूनच जातात. चहासाठी थांबतात, पुढे निघतात.

तर ही दोन नावे सुरक्षित आहेत. पलटणीचे घर अशी नावे जपण्यासाठीच असते, आणि ते काम ते चोख बजावते. माझा प्रश्न वेगळा आहे. न मांडलेल्या माणसांचे काय?

मुंबईत कुलाब्याला संत योहान शुभवर्तमानकाराच्या नावाचे प्रॉटेस्टंट बांधवांचे देऊळ आहे. लोक त्यास 'अफगाण चर्च' म्हणतात. 1858 साली अभिषेक झालेले हे देऊळ पहिल्या अफगाण युद्धातील मृतांसाठी बांधले गेले. तेथील भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांसाठीही ओळ आहे, तिचा मतितार्थ असा: ते इतके पुष्कळ होते की त्यांची अशी नोंद करणे शक्य नाही. प्रामाणिकपणे लिहिलेले हे वाक्य आहे, म्हणूनच ते अधिक बोचते. दगड कमी पडला, असे त्यात म्हटले आहे. दगड कोणासाठी पुरला तेही त्याच भिंतीवर दिसते.

पुढच्या शतकात असे होऊ नये म्हणून 1917 साली ब्रिटनने युद्धातील मृतांच्या कबरींसाठी एक आयोग स्थापला. हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे समान स्मरण, हे त्याचे तत्त्व. तत्त्व अगदी ख्रिस्ती म्हणावे असे. पण 1929 साली बसरा येथे मेसोपोटेमियातील बेपत्ता मृतांचे जे भव्य स्मारक उभे राहिले, त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले गेले. साध्या हिंदी जवानाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आला. अमुक पलटण, इतके जवान. कूत-अल-अमारा येथील वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत उपासमार सोसून शेवटी सुमारे 13 हजारांनी शरणागती पत्करली. त्यांत तीन हजारांहून अधिक बिनलढाऊ नोकर होते: भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, डोली वाहणारे. कैदेत पुष्कळ जण मेले. आयोगाने 2021 साली आपल्या अहवालात ही असमानता कबूल केली आणि क्षमा मागितली. अहवालानुसार किमान 1 लक्ष 16 हजार मृतांची नावानिशी नोंद झालीच नाही, वा मुळीच स्मरण झाले नाही. हा आकडा साडेतीन लक्षांपर्यंतही असू शकेल. त्यांत बहुसंख्य आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील आघाड्यांवर मेलेले आफ्रिकी आणि मिसरी लोक.

आपल्या बायबलमध्ये यावर एक प्रसंग आहे आणि तो कॅथलिक बायबलमध्ये सापडतो. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, बाराव्या अध्यायात, यहूदा आपल्या पडलेल्या सैनिकांना पुरण्यासाठी रणभूमीवर जातो. मृतांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडतात. म्हणजे हे हुतात्मे निष्कलंक नव्हते. तरीही यहूदा त्यांना टाकून देत नाही. तो सर्वांकडून दोन हजार चांदीची नाणी गोळा करतो आणि त्यांच्या पापक्षालनार्थ यज्ञ व्हावा म्हणून येरुशलेमला पाठवतो. मृतांसाठी मिस्सा का करायची, असे कोणी विचारले की आम्ही धर्मगुरू याच अध्यायाकडे बोट दाखवतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. संग्रहालय पराक्रमाची नोंद ठेवते. यहूदाने त्यांच्या अपराधासकट त्यांची नोंद घेतली. यशवंत घाडगे यांच्यासाठी आणि त्यांच्या हातून मेलेल्या त्या जर्मनांसाठी एकाच श्वासात प्रार्थना करता येते ती येथेच. पलटणीच्या घरी ती करता येत नाही, आणि तशी अपेक्षाही त्या घराकडून करू नये.

हे सारे माझ्या मनात घोळू लागले त्यास निमित्त झाले आमच्या उलव्यातील एका कुटुंबाचे. उलवे हे गावच आता बाहेरून आलेल्यांचे. वसई, मंगळूर, केरळ, गोवा, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली माणसे उंच इमारतींत राहतात. विमानतळासाठी येथील जुनी गावे उठली, टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ज्यांचे मूळ येथलेच, त्यांनाही आता आपले घर कोठे होते ते हाताने दाखवता येत नाही. हे कुटुंब बेळगावकडचे. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. तेव्हा घरोघरची नावे कागदावर लिहून अल्तारापाशी ठेवली जातात. या घरच्या आजींनी यादी दिली, तिच्या शेवटी लिहिले होते: 'बसऱ्याला गेलेले'. मी नाव विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, आमच्या सासूबाईपण असंच म्हणायच्या. बसऱ्याला गेलेले. कुणा साहेबाच्या मेसमध्ये कुक होते म्हणे."

सासूबाईंच्या काळापासून घरच्या अल्तारावर, पवित्र मातेच्या मूर्तीपाशी, एक काशाचे पदक आहे. घोड्यावर बसलेला वीर पाहून सर्वांनी ते संत जॉर्जचे पदक मानले आणि दर ईस्टरला चिंचेने घासून लख्ख केले. त्यांचे फारसे चुकलेलेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या त्या ब्रिटिश पदकावरील घोडेस्वार संत जॉर्जच आहे. दुसऱ्या बाजूस राजा पाचवा जॉर्ज आहे, हे मात्र कोणी लक्षात घेतले नव्हते. शिपायांना हे पदक चांदीचे मिळे. मजूर दलांतील आणि बिनलढाऊ नोकरांना काशाचे. मरणातही धातू वेगळा होता. परंतु एक गोष्ट दोहोंत समान होती: पदकाच्या कडेवर ज्याचे त्याचे नाव, क्रमांक आणि दल कोरलेले असे.

आम्ही ते खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरले. शंभर वर्षांच्या चिंचेने कडा गुळगुळीत झाली होती. क्रमांकातले दोन आकडे दिसले, पुढे 'कुक' हा शब्द बऱ्यापैकी वाचता आला. त्याच्या पलीकडे तीनचार अक्षरांच्या खुणा होत्या. आजींना ते पहिले अक्षर 'अ' वाटले, त्यांच्या नातवाला 'प' वाटले. आजी म्हणाल्या, "आम्हीच पुसलं की हो." मी म्हणालो, प्रेमाने पुसले.

त्या वर्षी मिस्साच्या वहीत मी आजींनी लिहिले तसेच लिहून घेतले, बसऱ्याला गेलेले, आणि अल्तारावरून तसेच वाचले. मिस्सा संपल्यावर दोन घरची माणसे येऊन सांगून गेली की आमच्याकडेही असले काही डब्यात आहे. म्हणून ही विनंती येथे छापून मागतो. ज्यांच्या घरी जुने गोल पदक असेल, चांदीचे असो वा काशाचे, त्यांनी ते घासू नये. कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी झटकावी, आडव्या उजेडात धरून कडेवरील अक्षरे वाचावीत आणि जशी दिसतील तशी, अर्धवट का होईनात, लिहून घ्यावीत. दुसऱ्या महायुद्धातील हिंदी सैनिकांच्या पदकांवरही नावे कोरलेली असतात. बसऱ्याच्या स्मारकावर जे केवळ आकडे होते, त्यांतील पुष्कळांची नावे आज आयोगाच्या नोंदींत शोधता येतात. त्यासाठी पलटण आणि क्रमांक कळला तर काम सोपे होते. लिहिलेला कागद ऑक्टोबरअखेरपर्यंत आपापल्या धर्मगुरूंकडे द्यावा, म्हणजे नोव्हेंबरच्या यादीत तो घेता येईल.